खुलासा : शेजारच्या ज्वालामुळे ढोबळी तिखट होत नाही
दिंडोरी-निफाडकडच्या शेतकरी गटांत एक संदेश फिरतोय: ढोबळीच्या शेडनेटशेजारी ज्वाला हा तिखट मिरचीचा वाण लावला की पराग उडून त्याच हंगामात ढोबळी तिखट होते, मिरची मुळात गोड, तिखटपणा माणसाने आणला. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन बियांत नव्हे, बिया ज्याला चिकटतात त्या पांढरट गाभ्यात तयार होतं. गाभा आणि साल आईझाडाची. परक्या परागाचा वाटा फक्त बीमध्ये. त्याचा परिणाम ते बी पेरल्यावर दिसतो, आणि तिखट गुण प्रभावी असल्याने ती संकरित झाडं तिखटच निघतात. पहिल्याच तोड्यात काही झाडं तिखट लागली, तर बी किंवा रोपांचे ट्रे मिसळले असावेत. शेजाऱ्याशी भांडण कशाला?

सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणाचं घरचं बी धरायचं तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी पातळ कापडी पिशवीत बांधा, फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा. उमललेलं फूल झाकून उपयोग नाही, मधमाशी येऊन गेलेली असते.

उगमाचं म्हणाल तर रानमिरच्या दक्षिण अमेरिकेतल्या, बारीक, लाल आणि बहुतेक तिखटच. तिखट सस्तन प्राण्यांना झोंबतं, पक्ष्यांना नाही. पक्षी बी न चावता लांब नेऊन टाकतात. ज्वाला आणि ढोबळी एकाच जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअम, मेक्सिकोत माणसाळलेल्या. ढोबळीत तिखटपणासाठी लागणाऱ्या पन-१ जनुकाचा सुमारे २,५०० डीएनए-अक्षरांचा तुकडा गळाला आणि कॅप्सेसिन बनणंच थांबलं.