सतरा सप्टेंबर कशाला, असं विचारणाऱ्या फॉरवर्डला

पंधरा ऑगस्टचे झेंडे उतरले की आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: देश १९४७ लाच स्वतंत्र झाला, मग मराठवाड्याला १७ सप्टेंबरचं वेगळं झेंडावंदन कशाला? निजामाला लष्कराने पाच दिवसांत गुंडाळलं, तिथल्या लोकांनी केलं काय? मुळात ते हिंदू-मुसलमानांचं भांडण. आणि असंच चाललं तर उद्या कुणीही उठून आपला स्वातंत्र्यदिन मागेल.

पहिला मुद्दा लवकर मिटतो. इंग्रज जाताना संस्थानांवरची त्यांची सत्ता संपली. भारतात सामील व्हायचं की नाही, ते संस्थानिकाच्या सहीवर आलं. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या निजामाची सही झाली नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये झाला तो नुसता ‘जैसे थे’ करार, म्हणजे आहे ते तसंच चालू ठेवण्याचा. म्हणजे १५ ऑगस्टला सोलापुरात तिरंगा चढत होता आणि पलीकडे नळदुर्गात निजामाचं राज्य होतं. नाणंसुद्धा वेगळं: इकडे कलदार, तिकडे हाली. त्याच दिवशी हैदराबादेत झेंडा फडकवला म्हणून हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांपुरतं तरी १५ ऑगस्ट म्हणजे शेजारच्या घरातलं लग्न होतं.

‘लोकांनी केलं काय’ हा प्रश्न मात्र जरा बसून ऐकावा. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, तरी ऑक्टोबरात सत्याग्रह झाला. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातल्या वसतिगृहाच्या पोरांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचंच असं ठरवलं. हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचलं, माफी मागायला नकार देणाऱ्यांची नावं कमी झाली, आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक.

१९४७ नंतर तर सरहद्दीलगत, भारताच्या बाजूला, लढणाऱ्यांचे कॅम्प उभे राहिले. तिथून रात्री निघायचं, करोडगिरीचे नाके जाळायचे आणि उजाडायच्या आत परत यायचं. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. आत गावोगाव शिंदीची झाडं तोडली जात होती, कारण त्यांपासून निघणाऱ्या मद्यावरचा कर थेट निजामाच्या खजिन्यात जायचा. लेव्हीचं, म्हणजे सरकार सक्तीने वसूल करायचं ते, धान्य द्यायला नकार दिला जात होता. ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यातलं एकही गाव माहीत नसावं.

लष्कराशिवाय निजाम नमला नसता, हे खरंच. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला संध्याकाळी शरणागती जाहीर झाली. पण त्या पाच दिवसांमागे दहा वर्षं आहेत.

‘हिंदू-मुसलमान’ हे सर्वांत सोपं उत्तर आहे, म्हणून सर्वांत जास्त चालतं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, त्याने माजवलेली दहशत कुणी नाकारत नाही. पण ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना हैदराबादेत रस्त्यात गाठून मारलं, हातही तोडला. उलट निजामाची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रांकडे निघालेल्या शिष्टमंडळात दलित नेते बी. श्यामसुंदर होते, जन्म औरंगाबादचा. रेघ धर्मावरून सरळ ओढता येत नाही.

आणि झेंडावंदनाच्या भाषणांत जे येत नाही तेही सांगतो. फौजा शिरल्यानंतर सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मुक्तिदिन मानणाऱ्या माझ्यासारख्याने हे गिळून टाकू नये.

राहिली ‘उद्या कुणीही मागेल’ ही भीती. दादरा-नगर हवेलीचा दिवस २ ऑगस्ट, साल १९५४. गोव्याचा १९ डिसेंबर, साल १९६१. दोन्ही दिवस दरवर्षी साजरे होतात, आणि कॅलेंडरला अजून जागा पुरते आहे.