एलिस गेला, करी राहिला

बास्केटबॉल संघातल्या दोन ताऱ्यांपैकी एकाला दुसऱ्या संघाकडे पाठवायचेच झाले, की बहुतेक चाहते दोघांचे गुण मोजायला बसतात आणि ज्याचे कमी भरतील त्याच्या नावावर काट मारतात. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते. दोघांपैकी कोणाचे काम संघात आणखी कोणी करू शकते, हे आधी पाहायला हवे.

मार्च २०१२ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघापुढे हाच पेच होता. मॉन्टा एलिस आणि स्टीफन करी दोघेही गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून खेळ रचणारे, दोघेही एनबीएच्या मानाने बुटके, दोघांनाही चेंडू हातात लागायचा. रिंगखाली बचाव करणारा भक्कम सेंटर मात्र संघात नव्हता. एलिस सामन्यामागे जवळजवळ २२ गुण करत होता, तर वरचेवर दुखावणाऱ्या घोट्यामुळे करी त्या अख्ख्या हंगामात ६६ पैकी जेमतेम २६ सामने खेळला. तरीही वॉरियर्सनी एलिसला मिल्वॉकीच्या संघाकडे पाठवून सेंटर अँड्र्यू बोगटला घेतले, आणि तोही घोटा मोडलेला! काही दिवसांनी मालक जो लेकब मैदानात भाषणाला उभे राहिले, तेव्हा ओकलंडच्या प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली की संघाचा जुना तारा ख्रिस मलिनला मध्ये पडावे लागले. एलिसचे गुण भरून काढायला क्ले थॉम्पसन तयार होत होता. पण करीच्या लांबच्या नेमामुळे बचावपटू रिंगपासून दूर ओढले जातात आणि बाकीच्या चौघांना जी मोकळी जागा मिळते, ती देणारा दुसरा कोणी नव्हता. २०१५ च्या विजेत्या संघात करी, थॉम्पसन आणि बोगट तिघेही होते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कबड्डी पाहत वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागू नये. एकाच बाजूने चढाई करणारे दोन नावाजलेले गडी आणि कोपऱ्यात पकड करायला कोणी नाही, अशा संघातून कोणाला सोडावे, हे आमच्याकडची मंडळी झटकन सांगतील. सकाळी मोबाइलवर एनबीए पाहताना मात्र हीच मंडळी गुणफलकाबाहेर बघत नाहीत.

वय आणि पगार हे मुद्दे खरे आहेत, पण ते नंतरचे.

डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवून रिंगखाली खेळणाऱ्या अँथनी डेव्हिसला आणले, तो व्यवहार मला याच कारणाने पटला नाही. डेव्हिसच्या थोरवीबद्दल किंवा बचाव भक्कम करण्याच्या हेतूबद्दल माझा वाद नाही, आणि पहिल्याच सामन्यातली त्याची दुखापत दुर्दैव म्हणून बाजूला ठेवायलाही मी तयार आहे. परंतु रिंगखाली लाइव्हली आणि गॅफर्ड आधीच होते, आणि ज्याच्या पासेसवर ते दोघे गुण करत, ज्याच्या जोरावर संघ २०२४ च्या अंतिम फेरीत पोचला, त्या पंचविशीतल्या खेळाडूचे काम करणारा मागे कोणीच उरला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यवस्थापक निको हॅरिसन यांना पदावरून काढण्यात आले. त्याआधी कितीतरी महिने त्यांना काढण्याच्या घोषणा देणारे डॅलसचे प्रेक्षक निव्वळ भावनेच्या भरात ओरडत होते, असे मी म्हणणार नाही.