‘आपले लायसन्स जगभर चालते’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बहुतेक घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश येऊन गेला असेल. त्याचा सारांश असा : भारतीय लायसन्स दीडशे देशांत चालते, त्यामुळे आंतरराष्ट्रीय परवाना ही दलालांनी काढलेली टूम आहे, तरीही तो कोणाला हवाच असेल, तर संगणकावर दहा मिनिटांत मिळतो, स्वतःची गाडी परदेशी न्यायची असल्यास आरसी आणि विम्याचा कागद पुरतो, ज्याने भर श्रावणात कशेडी आणि आंबा घाट उतरला आहे, त्याला परदेशातील रस्त्यांवर शिकण्यासारखे काही उरत नाही, आणि चुकून दंड झालाच, तर तो वसूल करायला चिपळुणात कोण येणार आहे. आमच्याकडे हा मजकूर गणपतीला गावी आलेल्या एका तरुण नातलगाने आरतीनंतर मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. जमलेल्यांपैकी निम्म्यांचे कोणी ना कोणी आखातात असल्यामुळे प्रसाद वाटून होण्याआधीच तो दहा ठिकाणी पुढे गेला. त्यातील काही विधानांत तथ्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक विश्वासार्ह वाटतो.

पहिल्या विधानातील ‘चालते’ हा शब्द फसवा आहे, कारण कोणासाठी आणि किती दिवस हे त्यात सांगितलेले नाही. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर बारा महिने मोटार चालवता येते, हे खरे आहे. पण तेथे वास्तव्यास गेलेल्या माणसाला वर्ष संपताच तेथील लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन स्थानिक परवाना घ्यावा लागतो. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून ही मुदत सहा महिन्यांचीच आहे. आमच्या भागाशी सर्वांत जवळचा संबंध संयुक्त अरब अमिरातीचा, आणि तेथे तर पाहुणा व रहिवासी यांच्यातील भेद फार कडक पाळला जातो. पर्यटक व्हिसावर गेलेला माणूस भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना दाखवून भाड्याची गाडी घेऊ शकतो. त्याच माणसाच्या हाती रहिवासी व्हिसा पडला की ही दोन्ही कागदपत्रे तेथे गाडी चालवण्यापुरती निरुपयोगी होतात, आणि भारतात वीस वर्षे ट्रक हाकलेला असला तरी त्याला तेथील चाचणी द्यावीच लागते. नोकरीवर रुजू झालेल्या भावाने पहिल्याच आठवड्यात मित्राची गाडी चालवायला घेतली, तर तो विनापरवाना चालक ठरतो, आणि अशा चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकू शकते.

आंतरराष्ट्रीय परवाना ही टूम आहे, हे विधानही याच कारणाने टिकत नाही. हा परवाना म्हणजे आपल्या लायसन्सचे अनेक भाषांतील अधिकृत भाषांतर असते. त्याला स्वतंत्र अस्तित्व नसते आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याची किंमत शून्य. भारत देतो तो परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो, आणि हा तपशील वाटतो तितका क्षुल्लक नाही. जपान केवळ याच कराराचा परवाना मानतो, त्यामुळे तेथे आपले काम होते. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे, म्हणून तेथे आपल्या परवान्याला मान्यता नाही, जरी तेथील दुकानदार पर्यटकाला बिनदिक्कत स्कूटर देत असला तरी. चीन दोन्हींपैकी कोणताच परवाना मानत नाही. संदेशातील ‘दीडशे देश’ कोठून आले, हे मला शोधूनही सापडले नाही. आणखी एक गोष्ट स्कूटरवरून आठवली : ज्याच्या लायसन्सवर केवळ चारचाकीचा शेरा आहे, त्याच्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का पडत नाही. थायलंडला जाऊन स्कूटर भाड्याने घेणाऱ्या आपल्या तरुणांपैकी कितीजण हा रकाना पाहतात?

दहा मिनिटांत संगणकावर मिळणाऱ्या परवान्याविषयी थोडक्यात सांगता येईल. अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर करता येतो, आणि संदेशकर्त्याचा गोंधळ बहुधा येथेच झाला असावा. पण परवाना देण्याचा अधिकार आरटीओचा आहे. त्याचे शुल्क एक हजार रुपये असून मुदत एक वर्षाची असते, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर परवानाही त्याच दिवशी संपतो. डॉलरमध्ये पैसे घेऊन तीन किंवा पाच वर्षांचे चकचकीत ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ घरपोच पाठवणाऱ्या खाजगी संकेतस्थळांच्या कागदाला कायद्याने काहीही वजन नाही. येथे दलालांचा संशय घेणारा संदेश लोकांना नेमका दलालांच्याच दारात नेऊन सोडतो.

याच ओघात मोबाइलमधील लायसन्सचा उल्लेख केला पाहिजे. डिजिलॉकरमधील प्रत हातखंब्याच्या नाक्यावर पोलीस मान्य करतात, कारण भारतीय कायद्याने तिला मूळ कागदाचा दर्जा दिलेला आहे; तो दर्जा भारताच्या हद्दीत संपतो. माझे एक मेहुणे परदेशातील एका विमानतळावर आगाऊ पैसे भरलेल्या गाडीसमोर उभे राहिले, पण कार्ड गावच्या कपाटात आणि हातात फक्त मोबाइल. खिडकीपलीकडच्या मुलीने शांतपणे मान हलवली आणि मेहुण्यांसह चौघांनी पुढचे नऊ दिवस बसने प्रवास केला.

आता स्वतःची गाडी नेण्याविषयी, कारण संदेशातील सर्वांत महाग पडणारी चूक येथे आहे. नेपाळला गाडी नेणे तुलनेने सोपे आहे : सीमेवर भन्सार, म्हणजे तेथील सीमाशुल्क, भरून दिवसांच्या हिशेबाने पावती घ्यायची, ती परत येईपर्यंत जपायची, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे अधिकारपत्र सोबत ठेवायचे. मात्र जेथे सीमाशुल्क खाते गाडी परत नेली जाईल याची हमी मागते, अशा अनेक देशांसाठी ‘कारनेट’ नावाची पुस्तिका काढावी लागते. ती आपल्याकडे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमार्फत मिळते आणि तिच्यासाठी गाडीच्या किमतीच्या प्रमाणात हमी ठेवावी लागते. या पुस्तिकेचे प्रत्येक पान तीन भागांत विभागलेले असते. प्रवेश करताना एक भाग फाडून घेतला जातो, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही वेळचे शिक्के पुस्तिकेत उरलेल्या स्थळप्रतीवर पडतात. बाहेर पडतानाचा शिक्का घ्यायचा राहिला, तर गाडी त्या देशात विकली असे गृहीत धरून आयातशुल्काची मागणी होऊ शकते, मग गाडी प्रत्यक्षात देवरुखच्या अंगणात का उभी असेना.

विम्याचा कागद पुरतो, हे तर सरळ चूक आहे. आपली मोटार विमा पॉलिसी भारताच्या भौगोलिक हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या शेजाऱ्यांपुरती ती जादा हप्ता भरून वाढवता येते, परंतु तशी नोंद पॉलिसीवर करून घ्यावी लागते. त्यापलीकडे प्रत्येक ठिकाणी स्थानिक विमा विकत घेण्यास पर्याय नाही.

नंबरप्लेटविषयी आमच्याकडे विशेष सांगावे लागते. ४१४१ चे ‘दादा’ आणि २१४ चे ‘राम’ करणारी कलाकारी भारतातही नियमबाह्यच आहे. परदेशात तर ते आकडेच कोणाला वाचता येणार नाहीत. याशिवाय मागील बाजूस पांढऱ्या अंडाकृतीत काळ्या अक्षरांत ‘आयएनडी’ हे देशचिन्ह स्वतंत्रपणे लावावे लागते. नव्या सुरक्षा नंबरप्लेटवर डाव्या कडेला तीच अक्षरे निळ्या रंगात बारीक छापलेली असतात, पण तेवढ्याने या चिन्हाची अट पुरी होत नाही.

हेडलाइटची गोष्ट मी स्वतः घरी करून पाहिली आणि ती प्रत्येकाने करून पाहावी. अंधार पडल्यावर गाडी चिऱ्याच्या गडग्यासमोर पंचवीस फुटांवर सपाट जागी उभी करून खालचा झोत लावला, तेव्हा प्रकाशाची वरची कड उजवीकडे सरळ आडवी राहिली आणि मध्यापासून डावीकडे तिरकी वर चढली. गडग्यावरचे शेवाळ डाव्या बाजूला वरच्या थरापर्यंत दिसत होते, उजवीकडे मात्र दुसऱ्या थराच्या वर काळोख होता. आपण डावीकडून चालतो, म्हणून कडेचा पादचारी दिसावा आणि समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये, अशी ही रचना केलेली असते. तीच गाडी युरोपात उजवीकडून चालवली की तो चढता झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी काचेवर विशिष्ट जागी चिकटवण्याच्या पट्ट्या मिळतात, आणि काही नव्या गाड्यांत झोत बदलण्याची सोय असते. शिवाय उजव्या स्टिअरिंगची गाडी उजव्या बाजूने चालवताना चालक रस्त्याच्या कडेला बसतो, त्यामुळे ओव्हरटेक करण्यापूर्वी समोरचे दिसते ते शेजारी बसलेल्या माणसाला.

गाडीच्या तयारीत कोकणच्या हवेचाही वाटा आहे. आमच्याकडे रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतून वर्षानुवर्षे गाड्या निभावतात, कारण येथे पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही. थंड देशात तेच पाणी रात्रीत गोठून फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवू शकते, म्हणून कूलंट योग्य प्रमाणात भरून घेणे अनिवार्य आहे. खाऱ्या वाऱ्याने बॅटरीच्या टोकांवर चढणारा हिरवट थर आणि ब्रेकच्या नळ्यांवरचा गंज प्रवासाला निघण्याआधीच मेकॅनिककडून तपासून घ्यावा. टायर किती जुना आहे, हे त्याच्या भिंतीवरील चार आकड्यांवरून कळते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मडगार्डच्या आत साचलेली तांबडी माती आपल्याला दिसतही नाही, परंतु ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्या गाडीखालील माती आणि गवताचे बी जैवसुरक्षा तपासणीत शोधले जाते आणि सापडल्यास सफाईचा खर्च मालकाच्या माथी बसतो.

घाटांविषयीचा अभिमान मलाही आहे, आणि त्यातील काही भाग रास्त आहे. चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, हा आपल्याकडील नियम युरोपातील डोंगराळ रस्त्यांवरही ओळखीचा वाटतो. स्वित्झर्लंडमध्ये निळ्या फलकावर पिवळ्या शिंगाचे चित्र असलेल्या डोंगरी रस्त्यांवर पिवळ्या टपाल-बसच्या चालकाने खूण केली, तर इतरांनी ती पाळावी, प्रसंगी गाडी मागेही घ्यावी, असा कायदाच आहे; तिचा तीन सुरांचा भोंगा वळणाआड ऐकू आला की कुंभार्लीत एसटी वळताना श्वास रोखून कडेला थांबलेल्या माणसाला परके वाटणार नाही. पण कौशल्य आणि नियम यांची गल्लत संदेशात झाली आहे. आपल्याकडे डिपर मारणे म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. ब्रिटनमध्ये समोरचा चालक त्याचा अर्थ बहुधा ‘तू जा’ असा घेतो, आणि एकाच क्षणी दोघेही पुढे येतात. वळणावर हॉर्न वाजवणे ही आमची सुरक्षितता. तेथे वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्नला बंदी आहे. अमिरातीत शाळेच्या बसने थांब्याची पाटी उघडली असता न थांबणाऱ्याला एक हजार दिरहम दंड आणि दहा काळे गुण, म्हणजे लायसन्सवर नोंदले जाणारे दंडगुण, मिळतात. फार लहान वाटणारी अडचण म्हणजे, आपल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते आणि युरोपातील गाड्यांत डाव्या. पहिले दोन दिवस प्रत्येक चौकात कोरड्या काचेवर वायपर फिरतो आणि मागच्याला वळण्याची सूचना मिळतच नाही.

राहिला दंडाचा प्रश्न. भाड्याची गाडी घेताना सही केलेल्या करारात दंड आणि त्यावरील हाताळणी शुल्क ग्राहकाच्या क्रेडिट कार्डवरून कापून घेण्याची मुभा सहसा दिलेली असते. इटलीतील जुन्या शहरांच्या मध्यभागी ठरावीक वेळी परवानगीशिवाय गाडी नेण्यास मनाई असते आणि तेथे पोलिसाऐवजी कॅमेरा उभा असतो. आमच्या परिचयाचे एक दांपत्य हॉटेल शोधताना अशा वेशीतून एकाच संध्याकाळी दोनदा गेले. कार्डवरून हाताळणी शुल्क दोन महिन्यांनी गेले, ते त्यांच्या लक्षातही आले नाही. दंडाची नोटीस, छायाचित्राच्या तपशिलासह, त्यानंतर कित्येक महिन्यांनी आली, आणि ती घेऊन चिपळुणात आला तो नेहमीचा पोस्टमन.