अडचण कशी मांडावी

बडोद्यात इमारत बांधायला निघालेल्या मराठी माणसाने नियमातून सवलत मागताना संकोच करू नये. मात्र सवलत हवी आहे असे अर्जात कोठेही लिहू नये. अडचण आहे, आणि ती आपली नसून जमिनीची आहे, एवढेच कागदावर उमटले पाहिजे.

समजा, विश्वामित्री नदीच्या काठाजवळ तुमचा चिंचोळा प्लॉट आहे आणि नियमाप्रमाणे चोहोबाजूंनी मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, सोडल्यास तेथे सात मजल्यांऐवजी चारच बसतात. अशा वेळी भूखंडाच्या विचित्र आकारामुळे नियमांचे काटेकोर पालन अशक्य झाले आहे, असे खेदपूर्वक नमूद करावे. हा आकार खरेदीखताच्या नकाशात स्पष्ट दिसत होता आणि त्यामुळेच जमीन स्वस्तात पडली, हा तपशील अप्रस्तुत समजावा. रुंद अर्धा भाग मेहुण्याला विकून तुम्हीच तो चिंचोळा केला असेल, तर ‘कौटुंबिक परिस्थिती’ एवढा उल्लेख पुरे.

टी.पी. स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, रस्ते, बागा, शाळा यांसाठी गेलेली जमीन चौरस मीटरमध्ये मांडावी. त्याच रस्त्यामुळे उरलेल्या भूखंडाचा भाव किती चढला, हे कोणी विचारले तरच आठवावे.

पुराचा मुद्दा हरकतदार काढतील म्हणून घाबरू नका. तो आपणच आधी काढावा. शहरातील काळा घोडा पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी 26 फूट असून ऑगस्ट 2024 मध्ये पाणी 35 फुटांच्याही वर गेले होते. म्हणजेच तळमजल्यावर माणसांनी राहणे धोक्याचे आहे, म्हणून तेथे दुकानांना परवानगी द्यावी, आणि बुडणाऱ्या मजल्याची भरपाई म्हणून वर आणखी मजले मिळावेत. (दुकानदार माणसांत मोडतात की नाही, हा प्रश्न अद्याप कोणी उपस्थित केलेला नाही.) पुरात सोसायट्यांत शिरलेल्या मगरींची छायाचित्रे अर्जाला जोडावीत, ग्राहकांच्या माहितीपत्रकात मात्र ‘नदीचे रम्य दर्शन’ एवढेच छापावे. ही दोन्ही कागदपत्रे एकाच फायलीत ठेवू नयेत.

आजोबा गायकवाड सरकारच्या खानगी (म्हणजे राजवाड्याच्या) खात्यात कारकून असतील, तर तो पुरावा नकाशाच्याही वर लावावा. सयाजीराव महाराजांनी शहराला आजवा तलावाचे पाणी दिले, आणि आपण त्याच परंपरेत शहराला एक व्यापारी संकुल देत आहोत, असा धागा जुळवता येतो. पार्किंगचा उल्लेख महाराजांच्या परिच्छेदात नको, खरे तर कोणत्याच परिच्छेदात नको.

शेजाऱ्यांची ना-हरकत गणपतीत घ्यावी. आरतीनंतर एका हातात प्रसाद असलेल्या काकू दुसऱ्या हाताने सही करतात आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा उजेड जाणार आहे, हे वाक्य चष्मा घरी राहिल्याने वाचले जात नाही.

एवढे करूनही अर्ज फेटाळला गेला, तर खचू नये. अनधिकृत बांधकाम शुल्क घेऊन नियमित करण्याचे कायदे गुजरातेत 2001, 2011 आणि 2022 मध्ये आले आहेत, त्यामुळे साधारण दहा वर्षे दम धरण्याची तयारी असणाऱ्याने बांधकाम थांबवण्याचे कारण नाही. तोवर तळमजल्याचे गाळे भाड्याने द्यावेत; पुढच्या कायद्याचे शुल्क त्या भाड्यातून सहज निघते, आणि भाडेकराराच्या मसुद्यात पूर आल्यास मालाची जबाबदारी भाडेकरूची राहील, हे कलम वकिलाकडून आठवणीने घालून घ्यावे.