एक स्टार दिलेल्या भाऊंना: टोपी दुसऱ्या ठोक्यालाच का उडते

नमस्कार भाऊ. तुमच्या ठासणीच्या (तोंडातून दारू भरायच्या) बंदुकीचं निपल, म्हणजे बार पेटवणारी टोपी ज्यावर बसते ती पोकळ खुंटी, आमच्याकडे बदललं. त्यावर तुमच्या तीन तक्रारी आहेत: टोपी निपलावर घट्ट होते आणि पहिल्या ठोक्याला उडत नाही, एवढ्याशा निपलासाठी तीन दिवस आणि 1,400 रुपये घेतले, आणि परवाना दोनदा मागितला.

पहिली तक्रार खरी, आणि चूक आमची. तुम्ही कोणत्या नंबरची टोपी वापरता हे निपल लावण्याआधी विचारायला पाहिजे होतं. दहा आणि अकरा नंबरच्या टोपीत आतून जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक असतो, आणि नंबर एकच असला तरी दोन कंपन्यांचा माल तंतोतंत सारखा येत नाही. टोपी घट्ट असली की मधेच अडकते, तिच्या आतला मसाला निपलाच्या टोकाला टेकत नाही. घोड्याचा पहिला ठोका तिला खाली सरकवण्यातच जातो. दुसऱ्या ठोक्याला ती पुरती बसलेली असते, म्हणून उडते. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय, त्यामुळे घोड्याची स्प्रिंग बदलून घ्यायच्या भानगडीत आताच पडू नका.

अडकते कुठं, हे पाहायला दिव्याची काजळी पुरे. निपलाला पातळ काजळी लावायची, टोपी बसवून काढायची, आणि कुठं पुसली गेली ते बघायचं. अंगावर मधोमध पुसली तर निपल जाड आहे. अगदी टोकाच्या कडेलाच पुसली तर टोक चेपून पसरलंय, आणि हे बहुतेक वेळा टोपी न लावता घोडा पाडत राहिल्यानं होतं. घरी पोरांच्या हाती बंदूक देऊन घोडा वाजवायची सवय असेल तर ती मोडा.

दोन्हींचा इलाज एकच. निपल बंदुकीवरून काढून, आट्यांना तांब्याची पट्टी गुंडाळून लेथच्या चकमध्ये धरायचं आणि हळू फिरवत 400 नंबरचा पॉलिश पेपर चारपाच सेकंद लावायचा. पुसायचं, मापायचं, पुन्हा लावायचा, शेवटी 600 नंबर. कानस नाही चालत. उंची तर अजिबात कमी करायची नाही, नाहीतर घोडा टोपीपर्यंत पोचणारच नाही. जास्त घासलं तर टोपी सैल होते आणि धुऱ्यावरून चालताना गळून पडते. बरोबर माप म्हणजे टोपी बोटानं शेवटपर्यंत जाते आणि बंदूक उलटी धरली तरी पडत नाही. हे काम आम्ही फुकट करून देऊ. तोवर घोडा टेकवून टोपी दाबायचा प्रयत्न भरलेल्या बंदुकीवर करू नका. आणि टोपी उडाली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबा. बार कधीकधी उशिरा होतो.

तीन दिवसांचं मात्र वेगळं आहे. तुमचं जुनं निपल आट्यात जाम होतं. काळ्या दारूच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात, ते पावसाळ्यातली ओल ओढून घेतात आणि लोखंड गंजवतात. आपल्याकडे बंदूक रॉकेलनं किंवा डिझेलनं धुतात, पण हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. आधी गरम पाणी, मग पूर्ण वाळवणं, मग तेल, हा क्रम आहे. जाम निपलावर पाना लावून जोर दिला असता तर ते मुळाशी तुटलं असतं आणि आत राहिलेला तुकडा ड्रिलनं काढावा लागला असता. म्हणून आधी गज टाकून नळी रिकामी असल्याची खात्री केली, म्हणजे गज आत किती जातो त्यावर खूण करून तोच बाहेरून नळीला लावून पाहिला, आणि मग दोन दिवस तेलात मुरू दिलं. त्यानंतर नळीतल्या आट्यांवरून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून गंज काढला. गावठी घडणीच्या बंदुकांचे आटे एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे तयार निपल सरळ बसत नाही, लेथवर तुमच्या मापाचे आटे पाडावे लागतात. 1,400 मध्ये निपलाचे पैसे थोडे आहेत, बाकी हे काम आहे. नवीन निपल हातानंच जवळपास पूर्ण आत जायला पाहिजे, पान्यानं फक्त शेवटचा पाव फेरा. तसं ते बसलंय, आट्यांना ग्रीसही आहे. दर पावसाळ्यानंतर एकदा काढून ग्रीस बदला.

गावात कुणी दीडशे रुपयांत वेल्डिंग करून देतो, असंही तुम्ही लिहिलंय. बार डोळ्यापासून वीतभर अंतरावर उडणार आहे, एवढंच सांगतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं नळीचं बूड कसं झालंय ते वरून दिसत नाही.

परवान्याचं म्हणाल तर 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आमचाही आणि तुमचाही. बंदूक घेताना आणि परत देताना, दोन्ही वेळी रजिस्टरला नोंद होते. पीक संरक्षणाचा परवाना असला तरी हेच.

तूर शेंगेवर यायच्या आत, जागल सुरू व्हायच्या आधी या. बंदूक रिकामी करून आणि मूळ परवाना घेऊन या. टोप्या एसटीत आणू नका, डबीवरचा नंबर आणि कंपनीचं नाव दिसेल असा फोटो आणा, त्या मापाच्या टोप्या आमच्याकडे आहेत. निपल बसल्यावर दारू न भरता एक टोपी तुमच्यासमोर उडवून दाखवू. नळीच्या तोंडाशी ठेवलेली गवताची काडी हलली तर निपलापासून नळीपर्यंतची वाट मोकळी आहे.