मिनिॲपोलिसच्या आजीची भिशी

आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा 30 टक्के पगार कापून आईवडिलांच्या खात्यात टाकायचा, असा ठराव लातूर जिल्हा परिषदेने 2020 मध्ये केला. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद दर काही महिन्यांनी उकरून निघतो. काका म्हणतात, अशीच अद्दल घडायला हवी. माझी आत्येबहीण सासूचं सगळं स्वतः करते. ती विचारते, पगार कापाल हो, पण रात्री दोन वाजता त्यांना उठवून बाथरूमला कोण नेणार?

2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही आहेच. त्यात मुलांकडून महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये निर्वाहभत्ता मिळू शकतो, आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला 3 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा हवाच, घराबाहेर काढलेल्या माणसाला दाद मागायला जागा पाहिजे. पण मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिसला सोमाली शेजारात राहते, आणि इथून हा वाद ऐकताना एक गोष्ट सारखी खटकते. आपण म्हाताऱ्यांच्या जेवणाखाण्याबद्दल आणि औषधपाण्याबद्दल बोलतो. त्यांच्या शब्दाला घरात काही वजन उरलंय का, हे मात्र कुणी विचारत नाही.

1991 मध्ये सोमालियात हुकूमशहा सियाद बर्रेची राजवट कोसळली, देश यादवीत गेला आणि त्यानंतरच्या वर्षांत हजारो सोमाली कुटुंबं मिनेसोटात आली. सोमालियात सरासरी आयुर्मान अजूनही साठीच्या आतच आहे. दुष्काळ, युद्ध, रोगराई यांतून तगून जो पांढऱ्या केसांपर्यंत पोचला, त्याच्याकडे लोक आदराने बघतात. अल्लाने तुला दीर्घायुष्य द्यावं, हा तिथला नेहमीचा आशीर्वाद. वडीलधाऱ्या परक्या पुरुषालाही मुलं 'अदेर', म्हणजे काका, म्हणतात आणि बाईला 'एड्डो', म्हणजे आत्या. आईवडिलांचा तळतळाट लागेल ही भीती तर कोर्टाच्या समन्सपेक्षा मोठी.

आमच्या मजल्यावरच्या आजींचं बघा. सगळे त्यांना 'आयेयो' म्हणतात, मीही. इंग्रजी येत नाही, गुडघे गेलेत, खुर्ची खिडकीजवळ. पण सगळ्या मजल्यावरच्या बायकांची भिशी त्यांच्याकडे आहे. तिला त्या 'हगबाद' म्हणतात, चालते अगदी आपल्यासारखीच. वही नाही, सही नाही, कुणाचा नंबर कधी हे सगळं त्यांच्या डोक्यात. मध्ये एकीच्या नवऱ्याची नोकरी गेली. तिची पाळी अजून लांब होती. आजींनी ज्या बाईची पाळी होती तिला बोलावलं, वेलची-दालचिनीचा गोड चहा पुढे ठेवला आणि काहीतरी हळू आवाजात सांगितलं. कप रिकामा व्हायच्या आत नंबर बदलला होता. त्या बाईची स्वतःचीही नड होती, ते मला माहीत होतं. तरी तिने आजींच्या हाताचा मुका घेतला आणि गेली. त्या दिवशी मला आमच्या नात्यातल्या एका आजोबांची फार आठवण आली. घरच्यांनी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात केलं, पण घर विकायचा निर्णय त्यांना व्यवहार झाल्यावर कळला.

हा नुसता घरगुती मामला नाही. सोमाली लोकांचा 'हेर' म्हणून परंपरागत कायदा आहे. पाण्यावरून, चराईवरून, खुनावरूनसुद्धा तंटा झाला की वडीलधारे झाडाखाली बसतात आणि भरपाई ठरवतात. 1993 मध्ये बोरामा गावात निरनिराळ्या कुळांचे असे वडीलधारे काही महिने बोलत बसले. त्यातून सोमालीलँडचा, म्हणजे सोमालियातून वेगळ्या झालेल्या उत्तरेकडच्या भागाचा, राष्ट्राध्यक्ष निवडला गेला आणि त्यांच्या परिषदेला, 'गुर्ती'ला, संसदेचं वरचं सभागृह म्हणून जागा मिळाली. तिचे सदस्य 82. सोमालियाची राजधानी मोगादिशू जळत असताना हा भाग पुष्कळसा शांत राहिला, त्यात या म्हाताऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

आता काका म्हणतील, म्हणजे जातपंचायतच की. प्रश्न रास्त आहे. ज्या महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा करावा लागला, त्याने म्हाताऱ्यांच्या बैठकीला भाबडेपणाने हार घालू नयेत. गुर्तीची थेट निवडणूक आजवर झालेली नाही. सदस्य वारला की जागा बहुधा त्याच्याच घरात जाते, आणि 2022 मध्ये तिने राष्ट्राध्यक्षांची मुदत वाढवली तशी स्वतःचीही वाढवून घेतली. 'हेर'मध्ये पुरुषाच्या खुनाची भरपाई 100 उंट, बाईची 50. वय झालं म्हणून न्यायबुद्धी येतेच असं नाही, आणि मला तसली सत्ता आपल्याकडे नकोच आहे.

शिवाय सेवेचा भार इथेही लेकीसुनांवरच पडतो. फरक एवढाच की मिनेसोटात, वृद्धाचं नाव सरकारी वैद्यकीय योजनेत असेल आणि गरज तपासून मान्य झाली, तर घरी सांभाळणाऱ्या मुलीला राज्य तासाप्रमाणे पगार देतं. आयेयोंची मुलगी तो घेते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. लातूरच्या ठरावात कापायची टक्केवारी आहे. रात्री दोनला उठणाऱ्या माझ्या आत्येबहिणीच्या हातात मात्र काहीच पडत नाही. तिला चार दिवसांची हक्काची रजा तरी द्या.

आणि म्हाताऱ्यांच्या शब्दाला जागा द्यायची तर नवा कायदाही लागत नाही. 2007 च्याच कायद्यात सोय आहे: प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण सुनावणीआधी निर्वाहभत्त्याचा अर्ज समेटासाठी पाठवू शकतं, आणि समेट घडवणारी व्यक्ती सरकारी नोकरच असली पाहिजे असं नाही. तिने महिन्याभरात अहवाल द्यायचा असतो. तालुक्यातालुक्यांत निवृत्त शिक्षिका, नर्सबाई, पोस्टमास्तर, भिशी चालवलेल्या बायका बसून आहेत. प्रांताधिकाऱ्यांनी ज्येष्ठ नागरिक संघांकडून अशी नावं मागवावीत, निम्म्या बायका घ्याव्यात, आणि आईवडील-मुलांची भांडणं आधी त्यांच्यासमोर बसवावीत.