नाखवा, आता हौशी व्हा

तुमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी चालत आली असेल, होडीच्या नाळेवर आजीचं नाव रंगवलेलं असेल आणि तळहाताला दोराचे घट्टे असतील, तर आधी एक वाईट बातमी ऐकून घ्या. तुम्हाला मासे धरायची हौस असू शकत नाही. हौस बँकेतल्या माणसाला असते, आयटीतल्या माणसाला असते, दातांच्या डॉक्टरांना तर फारच असते. तुम्हाला असतो तो धंदा. तुम्ही कातळावर एकटेच गळ टाकून बसलात, तरी बघणारा म्हणणार, "काय नाखवा, आज होडी बंद?"

मी मात्र अस्सल हौशी आहे. रविवारी पहाटे तीनला ठाण्याहून निघतो आणि उजाडायच्या आत अलिबागपलीकडच्या एका कातळावर उभा असतो. गेल्या वर्षभराची माझी कमाई म्हणजे दोन शिंगाळे, एक हातभर पालू आणि दुसऱ्या कुठल्या तरी हौशी माणसाची तुटलेली दोरी. तिच्या टोकाचं आमिष माझ्या सगळ्या सामानाहून महाग होतं. एवढ्या अनुभवावर मी तुम्हाला चार गोष्टी शिकवणार आहे. राग मानू नका.

सुरुवात कपड्यांपासून. लुंगी आणि बनियन चालणार नाही. मनगटापर्यंत बाह्या, गळ्याला नक्षीचा फडका आणि काळा चष्मा, तोही पाण्याच्या आत दिसतं म्हणतात तसला. गरीला गरी म्हणायचं नाही, हुक म्हणायचं. लाकडाच्या रंगीत माशाला लूअर म्हणायचं आणि तो कातळात अडकून तुटला की त्याची किंमत मोठ्याने सांगायची. भांग (भरती-ओहोटी कमी) आहे की उधाण, हे तुम्हाला तिथीवरून कळतं. अष्टमी म्हटलं की पाणी किती ओढणार ते तुम्ही डोळे मिटून सांगता. हे ताबडतोब विसरा. हौशी माणूस मोबाइलमध्ये बघतो, आणि मोबाइलला रेंज नसली की तुम्हाला विचारतो.

आता हंगाम. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. तुमची होडी वाळूवर ओढलेली, वर झापं टाकलेली, खलाशी गावी गेलेले, आणि तुम्ही पडवीत बसून जाळं तुणताय. कारण रास्त आहे. वादळवाऱ्याचे दिवस असतात आणि माशांची वीण चालू असते. बिगरयांत्रिक होडीला बंदी नाही, पण आषाढातल्या लाटेवर वल्ही मारत जायला कोणाचा जीव वर आलाय! अशा वेळी खाडीच्या तोंडाशी, कातळावर, छत्री रोवून कोण उभं असतं? मी. आपला १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा परवाना मागतो तो नौकेला. कातळावर उभ्या राहिलेल्या ठाणेकराचं नाव तो विचारत नाही. माझ्या गळाला जिताडा लागला आणि त्याच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, निघाली, तर ती हौशी गाबोळी. तिने दुष्काळ पडत नाही.

(वलगणीचं तर बोलायलाच नको. पहिल्या पावसात मासे ओहोळातून वर शेतात चढू लागले की अख्खा गाव बॅटऱ्या घेऊन उतरतो. त्यात मास्तर असतात, तलाठी असतात आणि 'समुद्रातले मासे संपले हो' म्हणणारे आमचे भावजीही असतात. सगळ्यांच्या पिशवीतले मासे अंड्यांवरचे. पण ती परंपरा, म्हणून पुढे जाऊ.)

पुढचा धडा मोजमापाचा. राज्याने २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलीमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. नियम चांगला आहे, आणि बंदरावर उतरवलेल्या टोपल्यांना तो लावताही येतो. तुम्ही हौशी झालात की पट्टीची गरज फक्त फोटोपुरती उरते. फोटोत मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्याकडे पुढे धरायचा, म्हणजे वीतभर मासा हातभर दिसतो. तुम्ही आजवर मासा मोठा दाखवायला मोठा मासा धरत होतात. उगाच डिझेल जाळलंत.

फोटो झाला की मासा सोडून द्यायचा. हे सगळ्यात अवघड. इंग्रजीत याला 'कॅच अँड रिलीज' म्हणतात आणि ते म्हणताना चेहरा थोडा साधूसारखा करावा लागतो. पहिला फोटो हलला म्हणून दुसरा, दुसऱ्यात ऊन डोळ्यांवर आलं म्हणून तिसरा. तोवर मासा तोंड उघडून अर्धमेला झालेला. मग त्याला पाण्यात सोडून 'जा बाळा' म्हणायचं. तो पोट वर करून गेला तरी तुम्ही पाठ फिरवलेली असते. घरी गेल्यावर आईला काय सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा. ती एवढंच विचारेल, "धरलास न् सोरलास? मंग गेलेलास कनाला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. माझी आई पुण्यात असते.

आपल्या किनाऱ्यावर हौशी मासेमारीचा वेगळा परवाना आज ना उद्या येईल असं मला वाटतं. आला की त्यातलं पहिलं कलम मी आत्ताच सांगतो: व्यावसायिक मच्छीमार अपात्र. खिडकीतले साहेब म्हणतील, "तुम्ही हौशी म्हणून जाल आणि पहाटे शंभर किलो उतरवाल." त्यावर फार चिडू नका. तुमच्यातल्याच काहींनी एलईडीचे दिवे लावून रात्रीचा समुद्र लुटला, पर्ससीनवाले (माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांचे) नको तिथे आत शिरले, म्हणून २०२१ मध्ये दंड लाखांत न्यावा लागला. साहेबांची शंका हवेतून आलेली नाही. फक्त ती तुमच्याकडे बघूनच येते, माझ्याकडे बघून येत नाही. मी गेल्या मे महिन्यात एका ओळखीच्या हॉटेलवाल्याला तीन किलोची तांबोशी 'भेट' दिली आणि त्याने खोलीचं भाडं घेतलं नाही. ही विक्री नव्हे. याला संबंध म्हणतात.

न्यूझीलंडचं बघा. तिथे समुद्रात हौसेने गळ टाकायला परवाना लागत नाही. दिवसाला किती मासे घ्यायचे याची मर्यादा पाळायची, विकायचे नाहीत, की झालं. पण धंद्याच्या नौकेवर धरलेला मासा कायद्याच्या लेखी विक्रीचाच. १९९६ च्या त्यांच्या कायद्यातलं १११ वं कलम म्हणतं, की मंजुरी असेल तर मच्छीमाराने हौशी माणसाएवढा वाटा घरी न्यावा. म्हणजे त्याला हौस करायला परवानगी आहे, मात्र त्या हौसेची नोंद खात्याच्या कागदात वेगळ्या खुणेने करायची. रात्रीच्या कालवणाचा हिशेब तो सरकारला देतो. शेजारच्या प्लॅस्टिकच्या बोटीतला डॉक्टर तेवढेच मासे घेऊन शीळ घालत घरी जातो, त्याला सहसा कोणी वही मागत नाही.

आपल्याकडे अजून तेवढंही नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं बंदराबंदरावर उभी राहून उतरलेल्या मासळीची नमुना मोजणी करतात आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधतात. माझा पालू त्यात नाही. माझ्यासारख्या किती ठाणेकरांचे किती पालू त्यात नाहीत, हे कोण सांगणार? मासळी घटली की आकडे तुमच्याच टोपलीकडे बोट दाखवणार, कारण मोजलेली टोपली तेवढी एकच.

तर हौशी होण्याचा सगळ्यात सोपा रस्ता शेवटी सांगतो. हौशी माणसाला होडीत घ्या. त्यासाठी मासेमारीचा परवाना पुरणार नाही, कारण पाहुणे बसवायचे तर मेरिटाइम बोर्डाचा निराळा कागद लागतो आणि लाइफ जॅकेटंही लागतात. ते जमलं की पुढचं काम तुमच्या हातचं आहे. खडपा, म्हणजे पाण्याखालचा खडक, कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून होडी तिथे तुम्ही न्यायची. आमिष तुम्ही लावायचं. दोर तुम्ही सोडायची. गोबरा लागला की झटका तुम्ही मारायचा, कारण तोवर साहेब रेलिंगला धरून ओकत असतात. आणि मासा पक्का अडकला याची खात्री झाली की काठी हलकेच साहेबांच्या हातात द्यायची. इथवर तो मासा धंद्याचा होता, इथून पुढे हौसेचा.

मग फोटो. त्यात तुम्ही उभं राहायचं नाही, मोबाइल तुमच्याकडेच देतील. हात आधी फडक्याला पुसून घ्या, आमिषाचा वास त्या काचेला फार दिवस राहतो.